आबांचा गाडा सुटला

आमच्या घाटात ‘गाडा सुटला’ याचा अर्थ गाडा सुटला असा नव्हता. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पोलिसांनाही पटलं नसतं, म्हणून तेव्हा कुणी सांगितलंच नाही. मी तर नाहीच नाही. आता सांगतो.

मी महेंद्र. शिरूरला माझं साउंडचं दुकान आहे. भोंगे, बॉक्स, ॲम्प्लिफायर, जनरेटर, सगळं माझं. मंडप माझा नाही. मंडपवाल्याशी माझं पटत नाही. खरं म्हणजे माझं फारसं कुणाशीच पटत नाही, डोकं लवकर फिरतं. पण पोपटरावांशी पटलं, अठरा वर्षं पटलं. पोपटराव म्हणजे आमचे आबा, बैलगाड्यांच्या शर्यतीत घाट पुकारणारे. घाट म्हणजे गाडे पळवायची चढाची धावपट्टी. गाडा कुणाचा, बैलांपुढं पळणारी घोडी कुणाची, सेकंद किती, हे सगळं एका दमात लोकांच्या कानात ओतणारा माणूस घाटावर लागतो. त्याच्याशिवाय यात्रा म्हणजे नुसती धूळ.

आबा काही जन्मानं पुकारणारे नव्हते. थोडी बाजरी, थोडा कांदा, आणि सीझनला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम. उसाच्या बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची आणि नंबर पुकारायला एक भोंगा होता. एका वर्षी तो ऐन गर्दीत बंद पडला. आबांनी काट्याच्या खोलीतून बाहेर येऊन तोंडानं नंबर पुकारायला सुरुवात केली. रांगेच्या शेपटाला गाडीखाली झोपलेला गाडीवान उठून बसला म्हणतात. त्याच रांगेतल्या गाडीवानांनी आबांना पहिल्यांदा घाटावर नेलं.

पण आवाज असून भागत नाही, तो तापवावा लागतो. हा आबांचाच शब्द. हलगीवाले हलगी जाळावर धरतात तसा गळा धरायचा, म्हणायचे. शर्यतीच्या दिवशी सकाळपासून चहा बंद. कोमट पाण्यात मीठ, त्याच्या गुळण्या. गालात ज्येष्ठमधाची कांडी. माझ्या पिकअपमध्ये बसले की तोंड मिटून छातीतून नुसता हुंकार, गाव येईपर्यंत. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, आबा, पोटात दुखतंय का? तर म्हणाले, तू गप गाडी हाक. मग स्टेजवर चढून खालच्या पट्टीत हॅलो, हॅलो. मग देवांची नावं, मग यात्रा कमिटीची, मग गाडामालकांची, एकेक पायरी वर. आणि शेवटी दोन्ही पाय रोवून, मान मागं टाकून, “बाजूला व्हा, बाजूला व्हा, गाडा सुटलाऽऽ!” तो शेवटचा ‘ला’ न चिरकता निघाला की आबा पाणी प्यायचे. आवाज तापला.

शर्यत सुरू व्हायला तेव्हा अजून अर्धा तास असायचा. खरा गाडा सुटायचा तेव्हा खाली निशाण पडायचं, लोकांना ते दिसायचं, आणि आबा ‘झाली, झाली’ करत सुरू व्हायचे. हे वाक्य तेव्हा लागायचंच नाही. हळूहळू घाटाला त्या वाक्याचंच घड्याळ झालं. गाडामालक एकमेकांना विचारायचे, आबांचा सुटला का? सुटला असेल तर निवांत चहा घेऊ. पोरं नक्कल करायची, बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. चार-पाच वर्षांत अशी गत झाली, की ते वाक्य ऐकून बाजूला होईल असा एक माणूस घाटात उरला नाही. आम्हाला त्याची गंमत वाटायची. मीच सगळ्यात जास्त हसायचो.

म्हस्कू घाटात फक्की मारायचा. फक्की म्हणजे मैदानावर रेघा ओढायची ती पांढरी भुकटी. एरवी रांजणगावला एका कंपनीत लोडिंगला, पण यात्रेला सुट्टी टाकून यायचा आणि घाटाच्या वरच्या टोकाला, जिथं बैल येऊन पोचतात तिथं, आडवी रेघ मारायचा. सुतासारखी सरळ. आबांनी आवाज तापवला की म्हस्कू मान वर न करता, वाकल्या वाकल्याच एक हात वर करायचा. ऐकलं आबा, झाला तुमचा आवाज, असा त्याचा अर्थ. वर्षानुवर्षं तो हात असाच वर व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी चैत्रातल्या यात्रेला माझा वरचा भोंगा फाटत होता. आबांनी वाक्य घेतलं, म्हस्कूनं हात वर केला, पण मला लेवल बसेना. मी म्हटलं, आबा, अजून एकदा घ्या. त्यांनी घेतलं. म्हस्कूनं पुन्हा हात वर केला आणि तिथूनच ओरडला की आबा, पुरं की आता. मी गुडघ्यावर बसून ॲम्प्लिफायरमध्ये डोकं घातलं.

त्याच वेळी खाली एका मालकानं नवे बैल सवय व्हावी म्हणून आधीच गाड्याला जुंपून ठेवले होते. पुढं घोडी नाही, निशाण नाही. शेजारी हलगी दणकली आणि बैल उधळले. मी पाठमोरा होतो. आबांना स्टेजवरून दिसलं आणि आबांनी तेच वाक्य पुकारलं.

भोंगा या वेळी स्वच्छ लागला. मी न वळता अंगठा वर केला, झकास म्हणून. आबांनी परत पुकारलं. मी मनात म्हटलं, बास की आता, म्हातारं खुळं झालं काय. तिसऱ्यांदा आवाज चिरकला. आबांचा आवाज चिरकलेला मी अठरा वर्षांत ऐकला नव्हता, म्हणून मी वर बघितलं. म्हस्कू वाकलेला होता, पाठ घाटाकडं, आणि एक हात वर. घाट चढायला बैलांना अकरा-बारा सेकंद लागतात. मी बघितलं तेव्हा त्यातले दोन राहिले असतील.

पुढचं मी सांगणार नाही. माझ्याच्यानं होत नाही.

पोलिसांपुढचा जबाब सत्यजीतच्या ओट्यावर लिहिला गेला. सत्यजीत म्हणजे यात्रा कमिटीचा अध्यक्ष. तरणा, गोड बोलणारा, पंचायतीच्या राजकारणात मुरलेला. जबाबात होतं, ‘पुकारणाऱ्याने स्पीकरवरून तीन वेळा मोठ्याने सूचना दिली, तरी मयत इसम बाजूला झाला नाही.’ आबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. सत्यजीत म्हणाला, आबा, ह्यात खोटं काय हाय? तीनदा वरडलात का न्हाई? आबा म्हणाले, वरडलो. झालं. खाली आबांची सही, त्याखाली साक्षीदार म्हणून माझी. एक अक्षर खोटं नव्हतं, आणि सगळा कागद खोटा होता.

कारण लोक शहाणे असतात. तीनदा सांगून माणूस हलत नाही म्हणजे काय? म्हणजे पिऊन होता. आठवड्याच्या आत गावभर झालं, म्हस्कू टाकून आला होता. अरे, म्हस्कू कधी घेत नव्हता असं नाही, पण यात्रेच्या दिवशी थेंब नाही. रेघ वाकडी येते म्हणायचा. हे मला माहीत होतं. मी मूग गिळून बसलो. एकदा सही केल्यावर मागं फिरलो तर खोटा साक्षीदार ठरेन, कमिटी मला घाटात उभं करणार नाही, आणि कमिटीनं टाकला की तालुका टाकतो. इतकं साधं गणित होतं माझं.

म्हस्कूची बायको गिताबाई एकदा दुकानात आली होती. रांजणगावला कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते, कंपनीच्या बसमधून उतरली ती तशीच आली. शांतपणे विचारलं, की ह्यांचे कान तर तिखट होते, भावजी, मग तीनदा पुकारून ऐकू कसं गेलं नाही? मी म्हटलं, वारं उलटं होतं, वहिनी. वारंच नव्हतं त्या दिवशी. ती बरं म्हणून गेली. तिच्या मोनालीचं लग्न जमत होतं, पाहुण्यांनी पसंती कळवली होती. महिन्याभरात त्यांचा निरोप आला, बाप पिऊन गाड्याखाली गेलेल्या घरात आम्हाला करायचं नाही. दुसरं स्थळ आलं, तेही तिथंच अडलं.

आबा त्या दिवसानंतर घाटावर गेले नाहीत. गावातही राहिले नाहीत. दौंड तालुक्यात कासुर्डीला त्यांची मुलगी अनुपमा दिलेली, तिच्याकडं जाऊन राहिले. चौफुल्याच्या बाजूला काम असलं की मी डोकावायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते माझ्याशी कुजबुजल्यासारखं बोलले. मला वाटलं, घसा गेला. अनुपमा मला सोडायला रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, घसा ठणठणीत हाय, डॉक्टरला दाखवलाय. पहाटे उठून गोठ्यापाशी हुंकार धरतात, पहिल्यासारखाच. आवाज वर वर चढत जातो आणि एका जागी येऊन कचकन तुटतो. मग तिथंच उभे राहतात, बराच वेळ. तिची सासू म्हणते, तेवढा वेळ म्हशीसुद्धा चारा खायच्या थांबतात.

एकदा मी मुक्कामाला राहिलो आणि पहाटे ते ऐकलं. हॅलो नाही, शब्द नाही, नुसता मिटल्या तोंडाचा आवाज, आणि तरी मला प्रत्येक पायरी ओळखू येत होती. हे देव, ही कमिटी, हे मालक. आता ते वाक्य. आणि तिथं काहीच नाही. मी उठून बाहेर आलो तर आबा लांब कुठंतरी बघत होते, तिथं काही नव्हतं, कांद्याचं रान होतं.

“मह्या, गळा वर न्हेला की त्यो हात वर हुतो,” आबा म्हणाले. “रोज. डोळं मिटलं तरी हुतो.”

मी म्हटलं, आबा, दुसरं काही म्हणून तापवा की. भजन म्हणा. ते म्हणाले, गळ्याला तीच वाट ठावी हाय. मग म्हणाले, “नुसतं म्हस्कू म्हनालो असतो तरी वळला असता रं. माईकवर आमदाराचं नाव घेतलं, मालकाचं घेतलं, बैलांचीसुदिक नावं घेतली. त्याचं तोंडात आलंच न्हाई.”

मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडलो. जोरात भांडलो. म्हटलं, आबा, झालं ते झालं, तुम्ही काय मुद्दाम केलं का, कशाला उकरता? मी भांडत होतो ते माझ्या अंगठ्याशी, हे त्यांना कळलं असावं.

यंदा सत्यजीत माझ्या मागं लागला. नवीन पुकारणारा लोकांना आवडत नाही, आबांना आण, एक सकाळ बोलू दे, सत्कार करू. मी म्हटलं, येणार नाहीत. पण आबाच तयार झाले. त्याला कारण होतं. मोनालीचं दुसरं स्थळ भांडगावचं होतं, कासुर्डीपासून कितीसं लांब. ते कशापायी मोडलं हे हिंडत हिंडत अनुपमाच्या घरी पोचलं. तोवर आबांना माहीतच नव्हतं, की गाव म्हस्कूला पिऊन होता म्हणतं. तीन वर्षं आम्ही कुणी त्यांना ते कळू दिलं नव्हतं.

आबांनी मला फोन केला. “मला घाटावर न्ये. आन् गिताबाईला सांग, सकाळी येऊन थांब म्हनावं.”

ते काय करणार हे मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तरी निरोप दिला. आबांचा शब्द मोडायची हिंमत नव्हती, एवढंच.

यात्रेच्या सकाळी मी कासुर्डीहून त्यांना घेतलं. चहा नको म्हणाले. गालात कांडी धरली. गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली तसा हुंकार सुरू झाला. चढला, चढला, आणि तुटला. आबांनी परत खालून सुरू केलं. परत तुटला. शिरूरपर्यंत तो आवाज किती वेळा चढला आणि किती वेळा तुटला, मी मोजलं नाही. पण दर वेळी तो तुटायच्या जागी आला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, जसं समोर कुणी वाकलेलं आहे. मागच्या गाडीवाल्यानं दोनदा शिव्या दिल्या.

आबा स्टेजवर चढल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा अंगानं निम्मे झाले होते. गिताबाई मला दिसली, लांब, रस्त्याच्या कडेला बायकांच्या घोळक्यापासून वेगळी. सत्यजीत आबांच्या मागं खुर्चीत. आबांनी हॅलो म्हटलं, देवांची नावं घेतली, कमिटीची, मालकांची. आवाज तापत गेला. मग थांबले आणि म्हणाले, “आता म्हस्कूचं नाव घेतो.”

सत्यजीतनं मला खूण केली, असं मी नंतर दोघा-तिघांना सांगितलं. ते खोटं आहे. सत्यजीत माझ्याकडं वळायच्या आधीच माझा हात गेला होता. मी भोंग्यांवरचा माईक बंद केला आणि सनई सोडली.

फक्त आबांच्या पायाशी एक छोटा बॉक्स होता, पुकारणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवतात तो. तो मी चालू ठेवला. त्यामुळं आबांना त्यांचा आवाज येत राहिला. भोंगे तिकडं लांब, तोंड लोकांकडं, आणि माझ्या आधीची धरून अठ्ठावीस वर्षं भोंग्याखाली उभं राहून आबांना लांबचं ऐकू येईनासं झालेलं. त्यांना कळलंच नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. ते वाक्य गळ्यासाठी होतं. त्या सकाळी ते दोनदा उगाच पुकारलं. न हलायची सवय म्हस्कूला आम्हीच लावली. तो पिऊन नव्हता. कागदावर लिहिलं ते अर्धं होतं. लेवल कुणी मागितली हे त्यांनी सांगितलं नाही. माझं नाव घेतलंच नाही. मग त्यांनी पाय रोवले, मान मागं टाकली, आणि तीन वर्षं जिथं गळा तुटत होता तिथून तो वर गेला. “म्हस्कूऽऽ, सरक रं.” काय लागला आवाज. आयुष्यात एवढा लागला नव्हता. स्टेजवरच्या चौघांनी ऐकला, मी ऐकला. खाली सनई चालू होती.

आबा उतरले तेव्हा त्यांचे गाल ओले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, गेलं का समद्यांपतूर? मी म्हटलं, व्हय आबा. त्यांनी खांदा दाबला. सत्यजीतनं घाईघाईत शाल पांघरली आणि स्वतःच्या गाडीतून त्यांना कासुर्डीला रवाना केलं.

सत्यजीतची गाडी गेली आणि लगेच गिताबाई माझ्यापाशी आली. हातात मोबाईल होता, पडदा चालूच.

“भावजी, आबांनी ह्यांचं नाव घेतल्यासारखं वाटलं. फुडं काय म्हनाले?”

मी वायर गुंडाळत राहिलो. म्हटलं, “काही नाही वहिनी. आवाज तापवत होते.”

ती म्हणाली, “मोनालीला फोन लावून ठिवला व्हता. आबांनी बोलीवलंय म्हंजी कायतरी सांगतील, तिलाबी ऐकू यावं म्हनून.” आणि फोन कानाला लावून तिनं सांगितलं, “न्हाई गं, कायी न्हाई. ठेव तू.”

आता माझं असं झालंय, की कुठंही सेटअप लावला आणि लांबून कुणी हात वर केला, बरोबर आहे सांगायला, की मला पुढचं काही ऐकू येत नाही. परवा एका शाळेच्या कार्यक्रमात गुरुजींनी हात वर केला आणि मी जागीच बसलो. लोकांनी पाणी आणलं. ऊन लागलं म्हणाले.

काल अनुपमाचा फोन आला. फार खूश होती. म्हणाली, आबा आता बरे झाले, पहाटे आवाज वरपर्यंत जातो, कुठंच थांबत नाही, सासूबाईसुद्धा ऐकत बसतात. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात. तिनं फोन त्यांच्याकडं दिला.

“मह्या,” आबा म्हणाले. आवाज इतका मोकळा, इतका गोड, की मी फोन कानापासून लांब धरला. “आता तर समद्यांना कळलंय. म्हस्कूच्या पोरीचं कुठं जमलं का रं?”

मी म्हटलं, बघतायत आबा.